चाळीस पावलांवरून

गाडीचे मागचे दिवे काळे करून देणारा अख्ख्या बाजारात एकच माणूस होता आणि त्याला सगळे दिवेवाला म्हणायचे. चांगला लाल दिवा काळा कशाला करून घ्यायचा, असा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडेल. तो दिवेवाल्यालाही पहिली दोन वर्षं पडला होता. मग त्याने तो नाद सोडला, कारण काळा दिवा पाहून गिऱ्हाइकं अशी काही खुलायची की पोटचं पोर पहिलं आलं तरी तितकी खुलली नसती.

काम मात्र तो जीव ओतून करायचा. डिकी उघडून नट काढायचे, वायरचा जोड सोडवायचा, दिवा अलगद बाहेर घ्यायचा. साबणाच्या पाण्याने धुवायचा, स्पिरिटने पुसायचा. मग पाण्यात बुडवलेला आठशे नंबरचा पॉलिश पेपर, मग हजारचा, असं घासत राहायचं, दिव्याची सगळी चमक जाऊन तो मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा दिसेपर्यंत. नवखी गिऱ्हाइकं हे पाहून हाय खायची. मग चिकटपट्टी लावून नक्षीपुरती जागा झाकायची आणि उरलेल्यावर काळ्या रंगाचे पातळ पातळ हात द्यायचे. दोन हातांमध्ये पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. घाई केली की रंग ओघळतो आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. शेवटी वरून चकाकीला लॅकर, की झालं.

झालं म्हणजे, चाळीस पावलांची परीक्षा सोडून. ब्रेक दाबला की दिवा चाळीस पावलांवरून लाल दिसलाच पाहिजे, नाहीतर गाडी दुकानाबाहेर सोडायची नाही, असा दिवेवाल्याचा नियम होता. ही परीक्षा घ्यायचे अप्पा. अप्पा म्हणजे दिवेवाल्याचे वडील. चौतीस वर्षं सतरा नंबरची बस चालवून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांत एक ओरखडा नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे आणि जुन्याला दहा मिनिटांत. बायको गेल्यापासून ते रोज सकाळी पॉलिश केलेले बूट घालून स्वतःची जुनी गाडी घेऊन दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, आणि काम तयार झालं की रस्त्यावर चाळीस पावलं मोजत जाऊन, वळून, हात वर करून ओरडायचे, "दिसतो."

एका सोमवारी दिवेवाला वायरचा जोड लावायलाच विसरला. ब्रेक दाबला, दिवा लागला नाही, लागणारच नव्हता. आणि तिकडून अप्पांनी हात वर केला. "झकास दिसतो."

दिवेवाल्याने डिकीत वाकून बघितलं, वायर मोकळीच लोंबत होती. मग त्याला एकेक आठवायला लागलं. गेल्या आठवड्यात अप्पांनी गल्लीतल्या पाण्याच्या पिंपाला, काय म्हणता, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, असं विचारलं होतं. त्याला तेव्हा वाटलं, थट्टा चाललीय.

त्याने हे बायकोला सांगितलं. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, आणि डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिला नवऱ्याचा चेहरा वाचणं डाव्या हातचा मळ झाला होता. ती म्हणाली, "किल्ली काढून घ्या."

"कशी घेऊ? गाडी गेली तर त्यांच्याकडे राहिलं काय?"

"आणि गाडीखाली कुणी गेलं तर? हे बघा, त्यांच्यापुढे एकदा डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं तर दोन दिवस जेवले नाहीत, मला माहितीय. पण ज्या दिवशी अप्पा घरी यायचे चुकतील, त्या दिवशी किल्ली काढायची. तुम्ही नाही काढली तर मी काढेन."

तिने काढली असती तर अप्पांनी तिला शब्दानेही दुखवलं नसतं, आणि दुसऱ्या दिवसापासून बूट पॉलिश करणं सोडलं असतं. दिवेवाल्याला तेच नको होतं. म्हणून त्याने एक शक्कल लढवली. अप्पांना माणूस दिसत नसला तरी उजेड दिसत होता, जवळून उजेडाचा आकारही कळत होता. तेव्हा आपण पुढे चालायचं, हळू, आणि अप्पांना आपल्या दिव्यांमागे आणायचं. पण सहा वाजता बाजारातून शंभर गाड्या निघतात. आपले दिवे वेगळे पाहिजेत.

चांदणी झाली होती, बाण झाला होता, सगळं गिऱ्हाइकांना देऊन बसला होता. तेवढ्यात त्याची नजर अप्पांच्या बशीकडे गेली. बशीत अप्पांनी एकदाच चावून ठेवलेलं गोल बिस्कीट होतं. त्याने ते उचललं, चिकटपट्टीवर ठेवलं आणि पेन्सिलने कडेकडेने गिरवलं. डाव्या दिव्यावर अख्खं बिस्कीट, उजव्यावर चावलेलं. बाकी सगळं काळं.

"अप्पा, नवीन नक्षी आहे," तो म्हणाला. "चालत्या रस्त्यावर कशी दिसते ते बघायला माणूस पाहिजे. रोज माझ्या मागे राहून जरा लक्ष ठेवाल?"

"ठेवतो की," अप्पा म्हणाले. "तुला कधी जमलंय एकट्याला."

झालं. बापलेकांची वरात रोज सकाळी नऊला निघायची आणि संध्याकाळी सहाला परतायची, सायकलीसुद्धा पुढे जातील अशा वेगाने. दिवेवाला भर उन्हात दिवे लावून चालवायचा आणि आरशात डोळे घालून बसायचा. अप्पा घरी उतरून सुनेला अहवाल द्यायचे, "उत्तम दिसते. पण हा ब्रेक फार मारतो."

असे पाच महिने सुखाने गेले. मग दाताचे डॉक्टर आले.

डॉक्टरांनी गाडी दुकानासमोर आडवी लावली आणि थेट दिवेवाल्याच्या गाडीमागे जाऊन ओणवे झाले. खिशातून छोटा आरसा काढून त्यांनी उजवा दिवा तपासला.

"सिग्नलला मागून बघितलं आणि ओळखलं," ते म्हणाले. "हा चावा माझा आहे."

"तुमचा कसा? माझ्या वडिलांचा आहे."

"वडील तुमचे. दात कुणी बसवले? वरचा डावा सुळा बघा, जरासा तिरका आहे. तो मी मुद्दाम तसा ठेवला, अगदी सरळ दात खोटे दिसतात म्हणून. अशी कवळी अख्ख्या जगात एक आहे. तुम्ही माझं काम गाडीला लावून हिंडताय आणि मी मात्र साध्या दिव्यांनी फिरायचं?"

दिवेवाला म्हणणार होता, की एक नक्षी मी दोघांना देत नाही. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "रागावलो नाहीये. चाव्याची धार काय धरलीय तुम्ही. माझ्या हाताखालच्या शिकलेल्या माणसांना जमत नाही. तुम्ही कलाकार आहात."

एवढ्या वर्षांत त्याला कुणी कलाकार म्हटलं नव्हतं. तो जो हरभऱ्याच्या झाडावर चढला, तो थेट डॉक्टरांचे दिवे खोलूनच खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांची गाडी तीच बिस्किटं लावून तयार झाली. अप्पा चाळीस पावलं गेले, "दिसतो" म्हणाले. डॉक्टर खूश होऊन निघाले तेव्हा बरोबर सहा वाजले होते आणि दिवेवाला पाठमोरा होऊन शटरला कुलूप लावत होता. वळून बघतो तर डॉक्टर नाहीत, अप्पाही नाहीत आणि अप्पांची गाडीही नाही.

अर्धा तास तो वेड्यासारखा गल्ल्या पालथ्या घालत होता. मग डॉक्टरांचा फोन आला.

"तुमचे वडील आमच्याकडे आलेत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "बूट काढून सोफ्यावर बसलेत. आईला म्हणाले, चहात साखर कमी घाल. आई म्हणते, काही हरकत नाही, पण आपला काय संबंध?"

दिवेवाला धावत गेला. अप्पा डॉक्टरांच्या आईशेजारी बसून बसच्या गोष्टी सांगत होते. "आपल्याच नंबरची गाडी पुढे दिसली की तिच्या मागे चिकटायचं नाही, बाई. थांब्यावर उभं राहायचं. दहा मिनिटांचं अंतर पडू द्यायचं, माणसं घ्यायची, मगच निघायचं. नाहीतर पुढची गच्च आणि मागची रिकामी." ही गोष्ट दिवेवाल्याने शंभरदा ऐकली होती, म्हणजे एकदाही नीट ऐकली नव्हती.

"अप्पा, इकडे कसे?"

"कवळी दाखवायला आलो," अप्पा पापणीही न हलवता म्हणाले. "टोचते."

घरी त्याने बायकोला तेच सांगितलं. कवळी टोचत होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भाजीला फोडणी घातली.

खरं तर त्याच रात्री त्याने डॉक्टरांचे दिवे पुसून काढायला हवे होते. पण डॉक्टर आपल्या खुर्चीवर आडव्या पडलेल्या प्रत्येक माणसाला, ज्याला तोंड उघडं असल्यामुळे नाही म्हणता येत नाही, दिव्यांची गोष्ट सांगत होते. महिन्याभरात अकरा गिऱ्हाइकं आली. प्रत्येकाच्या हातात कागदी पिशवी आणि पिशवीत स्वतः चावलेलं बिस्कीट. एक बाई दातांना तार लावलेल्या लेकीचं बिस्कीट घेऊन आली, त्याला सुबक जाळी पडली होती. दिवेवाला सगळ्यांना कलाकारासारखा मान हलवून हो म्हणत गेला.

मग व्हायचं तेच झालं. एका मंगळवारी अप्पा पोहणं शिकवणाऱ्या मास्तरांच्या मागे गेले आणि तलावाच्या काठावर, बूट घालून, नवशिक्यांच्या रांगेत बसलेले सापडले. मास्तरांनी त्यांना रबरी टोपीसुद्धा दिली होती. "पाय मोकळे करायला आलो," अप्पा म्हणाले. दिवेवाल्याने बायकोला सांगितलं, अप्पांना व्यायामाची आवड लागलीय. पुढच्या आठवड्यात ते फर्निचरवाल्याच्या मागे गेले, त्याच्या दुकानातल्या पलंगावर आडवे झाले आणि बराच वेळ छताकडे बघून म्हणाले, "सूनबाई, गादी बदललीस वाटतं."

या वेळी फोन दिवेवाल्याला आला नाही. फर्निचरवाल्याची औषधं दिवेवाल्याच्या बायकोच्या दुकानातून जायची. फोन तिला गेला.

तीच अप्पांना घेऊन आली. अप्पा झोपल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "वाटेत मला म्हणाले, आजकाल घर फार लांब गेल्यासारखं वाटतं. तुम्हाला कळतंय का काही? उद्या किल्ली घ्यायची."

"परवा," दिवेवाला म्हणाला. "एक दिवस दे. उद्या मी असे दिवे करतो, की अप्पांना झोपेतसुद्धा ओळखू येतील."

ती म्हणाली, "एकच दिवस." आणि दिवा मालवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याने स्वतःच्या गाडीचे दिवे काढले. बिस्किटं घासून काढली. पॉलिश पेपर फिरवताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. कलाकार म्हणे. बापाला रस्ता दाखवायला केलेली खूण त्याने शाबासकीपायी गावभर वाटून टाकली होती. दिवा पुन्हा आंधळा झाल्यावर त्याने चिकटपट्टी कापली. डाव्या दिव्यावर एक, उजव्यावर सात. काळ्याचे पाच हात दिले आणि प्रत्येक हातानंतर पूर्ण पंधरा मिनिटं हात जोडल्यासारखा बसून राहिला. चौतीस वर्षं जो आकडा डोक्यावर घेऊन बापाने गाडी हाकली, तो आकडा गावात दुसऱ्या कुणाच्या दिव्यावर असायची शक्यता नव्हती. बेत इतका पक्का होता की त्यात खोट असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी, सहाला दहा मिनिटं कमी असताना दोघं दुकानातून घरी निघाले. आरशात अप्पांची गाडी व्यवस्थित मागे होती. पहिला चौक गेला. दिवेवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने ब्रेक मारला, एक आणि सात लाल झाले असणार, आणि आरशात अप्पांची गाडी हळूहळू लहान व्हायला लागली.

अप्पा थांबले होते. बसथांब्यावर, दगडी कडेला अगदी समांतर, वीतभर अंतर ठेवून.

तो गाडी वळवून परत येईस्तोवर अप्पांच्या गाडीत तीन माणसं बसली होती. पिशवीवाली एक बाई, छत्रीवाले गृहस्थ, आणि झोप लागत आलेला एक पहारेकरी. दिवेवाल्याने काचेवर टकटक केली.

"अप्पा, काय करताय?"

अप्पांनी समोरून नजर काढली नाही. "पुढे सतरा गेलीय. दहा मिनिटं सोडतोय."

"ती मीच होतो."

"मग तू जा पुढे. माझ्या वेळेत लुडबुड करू नकोस."

"अहो, तुम्ही उतरा खाली," दिवेवाला गाडीतल्या माणसांना म्हणाला. "ही बस नाही."

"ते दिसतंय आम्हाला," छत्रीवाले म्हणाले. "पण बस येत नाही आणि हे आलेत. पळत येणाऱ्या या बाईंसाठी थांबलेसुद्धा. तुम्ही यांचे कोण?"

दिवेवाल्याने उत्तर द्यायच्या आत अप्पांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं, टिकटिक ऐकत मनाशी काही मोजलं आणि गाडी गिअरमध्ये घातली. गाडी सुटली.

आता काय करणार? ओरडून थांबवावं तर भर रस्त्यात अप्पा दचकतील. दिवेवाला आपल्या गाडीत बसला आणि मागे लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाच्या गाडीमागे होता. आणि तेव्हा त्याला दिसलं, की अप्पांच्या गाडीचा डावा दिवा लागतच नव्हता. उजवा पिवळट पडून त्याला भेगा गेल्या होत्या. त्याने गावभरच्या लोकांचे दिवे सजवले होते, आणि हे दिवे त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याला रडू आलं, पण डोळे पुसायला स्टिअरिंग सोडायची सोय नव्हती, म्हणून त्याने त्या एका लाल ठिपक्यावर डोळे रोवले आणि बैलगाडीच्या चालीने मागे राहिला.

अप्पा मात्र ऐटीत चालले होते. कुणाच्या दिव्यामागे नव्हते, तरी कुठे चुकत नव्हते. जकात नाक्याचा खड्डा त्यांनी न बघता डावीकडून चुकवला. तो खड्डा बुजून सहा वर्षं झाली होती. दवाखान्यापाशी पिशवीवाली बाई उतरली, शाळेपाशी छत्रीवाले. पहारेकऱ्याला अप्पांनी हाक मारून उठवलं, "कारखाना आला." सिग्नल त्यांना दिसत नव्हते, ते शेजारच्या इंजिनांचे आवाज ऐकून थांबत होते. प्रत्येक थांब्यावर वीतभर अंतर, ना जास्त ना कमी. दिवेवाल्याला त्यांना कधी एकदा थांबवतो असं झालं होतं आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की असं चालवणारा माणूस गावात दुसरा नसेल.

शेवटचा थांबा डेपो. फाटकातून आत जाऊन अप्पांनी दोन मोठ्या बसच्या मधल्या रिकाम्या जागेत, पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, गाडी मागे घेऊन लावली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर थोडा वेळ हात ठेवून बसले. मग उतरले, भिंतीला हात लावत खिडकीपाशी गेले आणि किल्ली आत सरकवली.

"सतरा," ते म्हणाले. "पाळी संपली. ओरखडा नाही."

खिडकीतला कारकून तरुण होता. त्याने किल्लीकडे पाहिलं, त्यावर लोंबणाऱ्या छोट्या चेंडूकडे पाहिलं, मग अप्पांच्या बुटांकडे पाहिलं. मागे उभ्या दिवेवाल्याने त्याला हात जोडले. कारकुनाला काय उमगलं ते त्यालाच ठाऊक, पण त्याने नोंदवही उघडली, सतरापुढे वेळ लिहिली आणि ती अप्पांपुढे सरकवली. त्याने बोट ठेवून जागा दाखवली, अप्पांनी ते बोट चाचपून त्याच्याखाली सही केली.

"उद्याची पाळी कुणाची, साहेब?" कारकुनाने विचारलं.

"उद्यापासून दुसऱ्या कुणाला द्या," अप्पा म्हणाले.

दिवेवाल्याने त्यांचा हात धरला. अप्पांनी तो हळूच सोडवला. "थांब. तू गाडीत बस. नवीन दिवे केलेस ना, परीक्षा राहिलीय."

तो बसला. आरशात अप्पा पाठमोरे मोजत चालले होते, डेपोच्या मोकळ्या आवारातून, ताठ. चाळीसला वळले. "मार ब्रेक."

त्याने ब्रेक दाबला. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडलेला त्याला आरशात दिसत होता. खिडकीतला कारकूनही मान बाहेर काढून बघत होता. एक आणि सात असे काही झळकत होते की शंभर पावलांवरूनही वाचता आले असते.

अप्पांनी हात वर केला नाही. मग म्हणाले, "नाही रे दिसत."

बसवरची चौतीस वर्षं आणि निवृत्तीनंतरची नऊ, त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दिवेवाल्याचा पाय ब्रेकवरच राहिला. अप्पा चाळीस पावलं परत आले, दार चाचपून उघडलं, शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा ओढून लावून घेतला.

"चल," ते म्हणाले. "आणि ब्रेक जरा कमी मारत जा. मी आता मागे नाहीये."